कोणाला वारा, कोणाला कुलूप! – घरच्या बेगमीचे विज्ञान

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रश्न विचारतो. आषाढात आठ दिवस पावसाची झड लागली आहे. गावाबाहेरचा फरशीपूल पाण्याखाली गेला आहे. विजेच्या तारा तुटल्यामुळे गाव अंधारात आहे, पिठाची गिरणी बंद आहे आणि वाण्याच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या आहेत. अशा वेळी तुमच्या घरात किती दिवस चूल पेटेल? पिण्याचे पाणी किती दिवस पुरेल? उत्तर देण्यापूर्वी घरात विचारून पाहा. बहुधा आजी लगेच सांगेल आणि आपल्याला मात्र डोके खाजवावे लागेल.

आजीला उत्तर ठाऊक असते, कारण तिच्या पिढीने ‘बेगमी’ केलेली असते. बेगमी हा आपल्या भाषेतला एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. पुढे येणारी अडचण ओळखून, तिच्यापुरती तरतूद आधीच करून ठेवणे म्हणजे बेगमी. उन्हाळ्यात गहू वाळवून कोठीत भरायचे, डाळी करून ठेवायच्या, पापड-कुरडया करायच्या, सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचायच्या, कांदा-लसूण टांगायचा. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ही सारी कामे उरकलेली असत.

ही कामे वरवर पाहता सारखीच वाटतात. वस्तू आणायची आणि ठेवून द्यायची, त्यात विज्ञान ते काय? पण जरा बारकाईने पाहा. गहू आपण डब्यात झाकण घट्ट लावून ठेवतो. कांदा मात्र त्याच डब्यात तसाच बंद केला, तर काही दिवसांत सडू लागतो. उलट गहू कांद्यासारखा उघड्या टोपलीत ठेवला, तर पावसाळ्यात त्याला कीड लागते. म्हणजे एकाला वारा हवा आणि दुसऱ्याला कुलूप! असे का? या एका प्रश्नाचे उत्तर समजले, की बेगमीचे निम्मे शास्त्र समजले. ते समजून घ्यायला आमच्या लासलगावाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

कांद्याचे गाव

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, नाशिक-मनमाड लोहमार्गावर लासलगाव आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ पासूनची आहे आणि कांद्याची आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि येथे लिलावात निघालेल्या भावाकडे दूरदूरच्या शहरांतील व्यापाऱ्यांचे लक्ष असते.

आमच्या भागात कांद्याची पिके तीन. पावसाळी पीक म्हणजे लाल किंवा पोळ कांदा, त्यानंतरचा रांगडा आणि शेवटचा उन्हाळ कांदा. पहिले दोन फार टिकत नाहीत, निघाले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास निघतो आणि तोच साठवणुकीचा कांदा. टिकण्यासाठी नावाजलेले एन-२-४-१ हे वाण या उन्हाळ कांद्यातलेच. नवा लाल कांदा बाजारात यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे जूनपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत देशातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत जो कांदा चिरला जातो, तो उन्हाळ्यात काढून कोणाच्या तरी चाळीत जपून ठेवलेला असतो.

ही सहा महिन्यांची जपणूक सोपी नाही. साठवलेल्या कांद्यापैकी तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. काही कांदा सुकून वजनाला कमी भरतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते एका साध्या गणिताने पाहा. समजा, एकाने १०० क्विंटल कांदा साठवला आणि त्यात ३५ क्विंटल घट आली. उरले ६५ क्विंटल. काढणीच्या वेळी विकून जेवढे पैसे मिळाले असते तेवढेच मिळवायला त्याला १०० भागिले ६५, म्हणजे सुमारे दीडपट भाव मिळायला हवा. घट २० क्विंटलवर आणता आली, तर सव्वापट भाव पुरतो. भाव ठरवणे शेतकऱ्याच्या हातात नाही, पण घट कमी करणे बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. ज्याच्याकडे चांगली चाळ नाही, त्याला बाजार पडलेला असतानाही माल काढून टाकावा लागतो. ज्याच्याकडे आहे, तो चार महिने थांबू शकतो. थांबता येणे हीच खरी बेगमी!

तोडलेला कांदा जिवंत असतो

वर्गात हा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, कांदा जमिनीतून उपटला म्हणजे मेला ना? मग तो श्वास कसला घेतो?”

कांदा मेलेला नसतो, झोपलेला असतो. कांदा म्हणजे त्या वनस्पतीने पुढच्या हंगामासाठी केलेली स्वतःची बेगमी आहे. मांसल पापुद्र्यांत तिने साखर आणि पाणी साठवलेले असते आणि मधोमध एक कोवळा अंकुर झोपवलेला असतो. या झोपेला सुप्तावस्था म्हणतात. झोपेतही श्वसन चालूच असते. साखर आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते.

किती उष्णता? २० अंश सेल्सिअस तापमानाला एक किलो कांदा तासाला सुमारे ८ मिलिग्रॅम कार्बन डायॉक्साइड सोडतो. साखरेच्या ज्वलनातून एक मिलिग्रॅम कार्बन डायॉक्साइड तयार होताना साधारण १०.७ ज्यूल उष्णता निघते. आता एक टन, म्हणजे १,००० किलो कांदा घ्या. तासाला ८,००० मिलिग्रॅम, म्हणून सुमारे ८५,६०० ज्यूल. तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला तर सुमारे २४ वॅट येतात. २५ टनांची चाळ असेल, तर ६०० वॅट. म्हणजे कपड्यांची एक इस्त्री त्या चाळीत रात्रंदिवस, सहा महिने चालूच ठेवल्यासारखे झाले! आणि हा हिशेब २० अंशांचा. तापमान वाढले, की श्वसनाचा वेगही वाढतो आणि इस्त्री अधिकच तापते.

दुसरी गोष्ट पाण्याची. कांद्याच्या वजनाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. २५ टन कांद्याचे वजन सहा महिन्यांत पावपट घटले असे समजू. म्हणजे सव्वासहा टन गेले. वरच्याच आकड्यावरून हिशेब केला, तर श्वसनात जळणारी साखर सहा महिन्यांत फार तर अडीच टक्के, म्हणजे सुमारे सहाशे किलो भरते. बाकी सारे पाणीच. १८० दिवसांत ते वाटले, तर रोज सुमारे ३१ लिटर पाणी वाफ होऊन कांद्यातून निघते. दोन हंडे पाणी रोज! ते हवेबरोबर बाहेर गेले तर ठीक. आत कोंडले तर कांद्याच्याच अंगावर बसते आणि मग काळी बुरशी व सड यांना आमंत्रण मिळते.

म्हणून कांद्याला वारा हवा. वाऱ्याची कामे दोन: उष्णता नेणे आणि वाफ नेणे.

चाळीचे भौतिकशास्त्र

आता एखादी चांगली कांदाचाळ नजरेसमोर आणा. ती काही कोणी प्रयोगशाळेत बसून एकदम काढलेली रचना नव्हे. शेतकऱ्यांच्या जुन्या बांबू-पाचटाच्या चाळी होत्याच. त्यांतली मोजमापे संशोधकांनी प्रयोग करून नेमकी केली. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. ती १९९४ मध्ये प्रथम नाशिकलाच सुरू झाली होती. तिने तळातून आणि बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळींचा पुरस्कार केला.

दोनपाखी चाळीत मधे सुमारे पाच फुटांची वाट आणि दोन बाजूंना चार चार फूट रुंदीचे कप्पे असतात. कांद्याचा थर पाच फुटांपर्यंत. लांबी चाळीस फूट धरली, तर ४० × ४ × ५ × २ म्हणजे १,६०० घनफूट जागा झाली. तेवढ्यात सुमारे २५ टन कांदा मावतो. आता एकेक माप तपासू.

रुंदी चारच फूट का? थराच्या मधला कांदा बाहेरच्या हवेपासून जास्तीत जास्त दोन फुटांवर राहावा म्हणून. हवा खेळत नसेल आणि उष्णता केवळ वहनाने बाहेर पडत असेल, तर मधल्या भागाची तापमानवाढ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रुंदी दुप्पट, तर तापमानवाढ चौपट! एखाद्याने जागा वाचवण्यासाठी चाराऐवजी आठ फुटांचा कप्पा केला, तर मधला कांदा शिजत पडतो.

उंची पाचच फूट का? एक कारण हवेचे, दुसरे वजनाचे. पाच फूट थराचे वजन तळाच्या दर चौरस फुटावर सुमारे ७८ किलो पडते. एक धडधाकट माणूस एवढ्याशा जागेत उभा राहावा तसे. थर आणखी चढवला, की तळचे कांदे दबतात. दबलेल्या कांद्याची साल फुटते आणि सडीला वाट मिळते.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला का? कांद्याने तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि छपराखालच्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला खालून थंड हवा यावी लागते. तळ बंद असेल, तर हे अभिसरण होत नाही. स्टोव्हच्या बर्नरखालची भोके बुजली तर ज्योत कशी मंदावते, ते आठवा.

दिशेचाही विचार असतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी आणि दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम, असा संकेत आहे. एकच पाखी असली, की पश्चिमेचा वारा तिच्या चार फुटांतून आरपार जातो. दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम असली, की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मुख्यतः तिच्या आखूड बाजूंवर पडते. छपराला कौले चांगली. लोखंडी पत्रा असेल तर त्यावर पाचट टाकावे, नाहीतर दुपारी छप्परच भट्टी होते. पावसाच्या माऱ्याची बाजू बारदानाच्या पडद्याने झाकतात आणि ऊन पडले की पडदे वर गुंडाळतात. ज्या घरातले पडदे आळसाने खालीच राहतात, त्या घरचा कांदा नाकाला आधी कळतो!

हवा किती ओली?

“वारा हवा” म्हटले खरे, पण पावसाळ्यात वाराच ओला असतो, त्याचे काय? कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आर्द्रता त्याहून फार वाढली, की बुरशी आणि मुळे फुटण्याचा धोका. फार कमी झाली, की वजन झपाट्याने घटते.

३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत केवळ १७ ग्रॅम. आता ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यात सुमारे २१ ग्रॅम वाफ आहे. रात्री हवा २४ अंशांपर्यंत उतरली, की तेवढीच वाफ तिला जड होते आणि ज्यादा वाफेचे थेंब बनतात. हाच दवबिंदू. बाहेरून पाण्याचा एक थेंबही आत न येता कांदा ओला होतो, तो असा. हवा खेळती असली, तर सकाळी हे दव उडून जाते. कोंडलेली असली, तर दिवसभर टिकते.

तापमानाची आणखी एक गंमत आहे. थंडीत कांदा गाढ झोपतो, हे आपल्याला पटते. शीतगृहात शून्य ते दोन अंशांवर तो महिनोन्महिने राहतो. पण २५ ते ३० अंशांच्या उबेतही तो झोपूनच राहतो! त्याला जाग येते ती मधल्या तापमानात. म्हणून चाळीतला कांदा मे महिन्यात शांत असतो आणि पावसाळा सरून हवा गार होऊ लागली, की कोंब काढतो. शीतगृहातून बाहेर काढलेला कांदाही लवकर कोंब धरतो. शिवाय बाहेरची उबदार ओलसर हवा त्याच्या थंड अंगाला लागून त्याला घाम फुटतो. शीतगृह हा प्रत्येक प्रश्नावरचा उपाय का नाही, हे यावरून ध्यानात येईल.

पण चाळ कितीही चांगली असली, तरी बेगमीचे काम शेतातच सुरू होते. निम्म्याअधिक पातीच्या माना पडल्या, की कांदा तयार झाला. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. काढलेला कांदा पातीसकट, एकाची पात दुसऱ्यावर झाकेल असा, तीन ते पाच दिवस शेतातच सुकवतात. मग दीड इंचाची मान ठेवून पात कापतात आणि कांदा दहा-बारा दिवस सावलीत ठेवतात. या काळात मान पिळवटून बंद होते आणि वरची साल कागदासारखी कोरडी होते. ती साल म्हणजे कांद्याचा रेनकोटच. घाईने, मान ओली असतानाच भरलेला कांदा उत्तम चाळीतही टिकत नाही. जोडकांदे, डेंगळे आलेले आणि खरचटलेले कांदे आधीच निवडून वेगळे काढायचे, ते घरात प्रथम वापरायचे.

अणुशक्ती काय करते, काय करत नाही

लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा कांद्यावर करण्याची सोय झाली. २००७ मध्ये भारतातून अमेरिकेला गेलेला हापूस आंबाही या केंद्रातूनच प्रक्रिया होऊन गेला होता.

कांद्याला द्यावी लागणारी मात्रा ६० ते ९० ग्रेच्या आसपास असते. एक ग्रे म्हणजे दर किलोला एक ज्यूल ऊर्जा. ६० ज्यूल म्हणजे किती? एक किलोचा कांदा सहा मीटर, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीपर्यंत उचलायला लागते तेवढी. या ऊर्जेने कांद्याचे तापमान एका अंशाचा पन्नासावा भागही वाढत नाही. पण गॅमा किरण ती ऊर्जा नेमक्या नाजूक जागी, पेशींतील गुणसूत्रांवर टाकतात. मधल्या अंकुराच्या पेशींना मग विभाजन करता येत नाही आणि कोंब येत नाही. कांदा मात्र किरणोत्सारी होत नाही. खोलीतला दिवा मालवल्यावर भिंत जशी प्रकाश देत राहत नाही, तसेच हे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. किरण कोंब थांबवतात, पण सड थांबवत नाहीत आणि पाणी उडणेही थांबवत नाहीत. शिवाय कांदा सुप्तावस्थेत असतानाच, काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत प्रक्रिया करावी लागते. म्हणून किरण दिलेल्या कांद्यालाही पुढे चाळ लागतेच. नवे तंत्र जुन्या समजुतीची जागा घेत नाही, तिच्या मदतीला येते.

धान्याला कुलूप

आता गव्हाकडे वळू. गव्हाचा दाणाही जिवंतच असतो, नाहीतर पेरल्यावर उगवला नसता. पण चांगल्या वाळलेल्या दाण्यात बारा टक्क्यांच्या आसपासच पाणी उरते. इतक्या कमी पाण्यात त्याचे श्वसन जवळजवळ थांबते. त्यामुळे त्याची उष्णता नाही आणि वाफही नाही. त्याला वाऱ्याची गरजच उरत नाही. उलट वारा आला, की बरोबर ओल आणि किडे येतात.

कुलूप लावल्याने आणखी एक काम होते. घट्ट बंद कोठीत चुकून राहिलेले सोंडे आणि त्यांच्या अळ्या श्वास घेतात. आतला प्राणवायू कमी होतो, कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि किडे स्वतःच्याच श्वासाने गुदमरतात. म्हणून डबा काठोकाठ भरलेला बरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांसाठी प्राणवायूची बेगमी! उन्हातून आणलेले धान्य मात्र सावलीत पसरून गार झाल्यावरच भरावे. गरम धान्य भरून झाकण लावले, की रात्री आत दव धरते.

जुन्या काळी जमिनीत खोल खड्डे खणून धान्य साठवत. त्यांना पेव म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतील कित्येक पेवांत पाणी शिरले. पेव थंड राहते, हवाबंद राहते, उंदरांपासून सुरक्षित राहते. पण जो वायू किड्यांना मारतो, तो माणसालाही सोडत नाही. पेव उघडून लगेच आत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पेव, जुनी विहीर, बंद टाकी यांत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत आहे. दिवा विझला, तर प्राणवायू कमी आहे हे नक्की. पण दिवा टिकला म्हणून विषारी वायू नाहीच, असे मात्र होत नाही. अशा जागी एकट्याने कधीही उतरू नका.

दुसरा इशारा धान्यातल्या गोळ्यांचा. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतील ओलीशी संयोग पावून फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू सोडतात. त्या गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांसाठी आहेत. आपण ज्या खोलीत झोपतो, तेथल्या कोठीत त्या टाकू नयेत. घरच्या गव्हाला कडक ऊन, घट्ट झाकण आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला एवढे बहुतेक वेळा पुरते.

पाण्याला झाकण आणि वार

पाण्याला ना वारा हवा, ना कायमचे कुलूप. त्याला हवे झाकण आणि ठरलेला वार. आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता यांसाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी २२५ लिटर, म्हणजे एक मोठे पिंप आणि वर दोन-तीन कळश्या. त्यांतील ४५ लिटर पिण्याचे म्हणून वेगळे, स्वच्छ भांड्यात. हे भरून मात्र विसरायचे नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून, कोरडे करून पुन्हा भरायचे. पाणी गढूळ असेल, तर तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, मग गाळून उकळावे. तुरटीने पाणी नितळ होते, पण त्यातील जंतू मरतीलच असे नाही. नितळ आणि निर्धोक हे दोन निराळे शब्द आहेत.

करून पाहा

एक: सारख्या आकाराचे वाळलेले कांदे घेऊन त्यांचे पाच पाचांचे तीन गट करा. पहिला गट जाळीच्या पिशवीत टांगा, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, तिसरा ओल्या जमिनीवर ढीग करून ठेवा. दर रविवारी वजन करा आणि आलेख काढा. वजन सर्वांत कमी घटलेला गट सर्वांत चांगला टिकला का, याचे उत्तर काळजीपूर्वक शोधा.

दोन: दोन सारखे तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळा आणि पंख्याने वारा घाला. कोरडा ३० आणि ओला साडेपंचवीस अंश दाखवत असेल, तर हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या जवळ आहे. फरक याहून कमी, तर हवा अधिक ओली. कोणाच्या घरी चाळ असेल, तर सकाळी आणि दुपारी चाळीच्या आत व बाहेर मोजून पाहा.

तीन: काचेच्या कोरड्या बाटलीत पाव भाग गहू आणि चमचाभर वाळवलेले मीठ घालून झाकण लावा व हलवा. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर गव्हात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे. त्याला आणखी ऊन दाखवा.

बेगमीची वही

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. जून महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून घरच्या बेगमीची एक वही करून घ्यावी. चार रकाने पुरेत: वस्तू कोणती, रोज किती लागते, किती दिवस पुरेल आणि ती कशाने बिघडते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरता आला, की वस्तू कोठे आणि कशी ठेवायची हे आपोआप कळते. काडेपेटी आणि विजेरीचे सेल ओलीने बिघडतात, म्हणून डब्यात. रॉकेलला हवा हवी असते ती जळताना, म्हणून घट्ट बूच आणि चुलीपासून दूर. औषधे मुदतीने बिघडतात, म्हणून त्यांवरची तारीख वहीत. आणि नियम एकच: जुने आधी वापरायचे, नवे मागे ठेवायचे.

बेगमीला मर्यादाही असतात, हे विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात भल्याभल्या घरांच्या कणग्या रिकाम्या झाल्या. एक पाऊस चुकला तर घर तगते, लागोपाठ चुकले तर घरची कोठी पुरत नाही. त्या वेळी लोक परदेशातून आलेल्या मिलोवर आणि सुकडीवर जगले, दुष्काळी कामांवर खडी फोडून जगले. रोजगार हमी योजना त्याच दिवसांतून उभी राहिली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात ठिकठिकाणी झालेल्या गारपिटीने तर शेतात उभी पिके झोडपली, कोठीत काही यायच्या आधीच. म्हणून घराची बेगमी, गावाची बेगमी आणि राज्याची बेगमी या तिन्ही लागतात. पण पहिले तीन दिवस, पहिला आठवडा निभावतो तो घरच्या बेगमीवरच. मदत पोहोचायला पूल उतरावा लागतो ना!

बेगमी आणि साठेबाजी यांतही गल्लत करू नका. शेजाऱ्याच्या तोंडचे काढून आपली कोठी भरणे ही साठेबाजी. आपल्या वाट्याचे नीट जपून, अडचणीच्या दिवशी दुसऱ्यावर भार न होणे आणि जमले तर त्यालाही पसाभर देता येणे ही बेगमी.

तेव्हा आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात एक फेरी मारा. प्रत्येक डबा, टोपली आणि घागर यांच्यापुढे उभे राहून विचारा: हिच्यातली वस्तू श्वास घेते का? घेत असेल तर तिला वारा आहे का? घेत नसेल तर तिचे झाकण घट्ट आहे का? उत्तरे वहीत लिहा. पाऊस सुरू व्हायच्या आत चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तू बरोबर जागी हलवा. या कामाला पैसे लागत नाहीत, एक सुटीचा दिवस पुरतो.